पडद्यावरचे हक्कसोडपत्र

बापाचे दिवसकार्य उरकले की घरात एक कागद येतो. भाऊ म्हणतो, "ताई, नुसती सही करायची आहे, बाकी काही नाही." बहीण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाते, सही किंवा अंगठा देते, साडी-चोळी घेते आणि माहेर टिकले या समाधानात सासरी परतते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला, तरी हक्कसोडपत्राचा कागद काही थांबला नाही. आपण साऱ्याजणी वर्षानुवर्षे शिबिरांतून हेच सांगत आलो आहोत, की बाई, सही करण्याआधी कागद वाचून घे.

आणि तरीही माझ्या डोळ्यांदेखत, आमच्याच केंद्रात, सात मुलींनी न वाचता सही केली. त्यांच्याबरोबर मीही केली. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी असलेल्या, गावोगाव कायदा साक्षरतेचे वर्ग घेणाऱ्या बाईने केली. म्हणून हा लेख.

अजिंठा म्हटले की लोकांना लेणी आठवतात. लेणी गावापासून दहा-बारा किलोमीटरवर आहेत. आमचे काम गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर, कापूस वेचायला आणि मक्याच्या कामाला जाणाऱ्या बायकांच्या बचत गटांबरोबर चालते. २०२१ साली, दुसऱ्या लॉकडाऊनमध्ये गटांच्या बैठका बंद पडल्या आणि हिशेबाच्या वह्या एकीच्याच घरी अडकल्या. त्याच सुमारास एका संस्थेचा निरोप आला. गटाचा हिशेब मोबाईलवर ठेवण्याचे ॲप त्यांनी तयार केले होते, पण ते इंग्रजीत होते. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे सगळ्यांचे आहे, तुमच्या मुलींनी मराठी करून दिले तर तुमच्याच बायकांच्या उपयोगी पडेल, असे त्यांनी सांगितले.

ओपन सोर्स म्हणजे काय, हे ज्या मैत्रिणींना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एरवी कंपनी आपल्याला ताटात वाढलेले जेवण विकते, कृती सांगत नाही. इथे जेवणाबरोबर कृतीही उघडी ठेवलेली असते. कोणीही ती वाचावी, वापरावी, तिच्यात बदल करावा आणि बदललेली कृती पुढे द्यावी, असा परवाना सोबत असतो. जगभरची माणसे तिच्यात भर घालतात, बहुतेक वेळा फुकट. कल्पना चांगली आहे आणि मला आजही चांगलीच वाटते.

मुलींनी दोन महिने काम केले. घरचे आटोपून, भावाचा मोबाईल रात्री मोकळा झाल्यावर केले. नुसते भाषांतर नव्हते ते. कर्ज थकलेल्या बाईसाठी इंग्रजीत जो शब्द होता, त्याला एकीने सरळ "थकबाकीदार" लिहिले. दुसरी म्हणाली, "हा शब्द बँकेच्या नोटिशीत असतो. माझ्या आईच्या नावापुढे मी तो लिहिणार नाही." शेवटी ठरले, "हप्ता राहिला". शिल्लक, दंड, आतले कर्ज, बैठकीचे इतिवृत्त अशा एकेका शब्दावर फोनवर चर्चा झाली. गटातल्या बायकांना विचारून शब्द ठरवले गेले.

काम सुरू करण्यापूर्वी पडद्यावर एक इंग्रजी मजकूर आला होता. खाली सरकत जायचे आणि "मान्य आहे" वर बोट ठेवायचे. दोन मुली अठराच्या आतल्या होत्या, त्यांच्यासाठी वडिलांची सही हवी असे फोनवर सांगण्यात आले. त्यातल्या एकीची आई परित्यक्ता. ती म्हणाली, "ज्याने नऊ वर्षांत पोरीचं तोंड पाहिलं नाही, त्याची सही कुठून आणू?" आम्ही पेटलो. गीता हरिहरन खटल्यातल्या १९९९ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा हवाला देऊन सविस्तर पत्र लिहिले, की वडील हयात असले तरी लक्ष घालत नसतील तर आई ही नैसर्गिक पालक असते. संस्थेने मान्य केले आणि आईची सही चालली. आम्ही पेढे वाटले.

सही कोणाची यावर आम्ही भांडलो. सही कशावर, हे वाचलेच नाही.

२०२४ मध्ये गटांच्या मोबाईलवर सूचना आली, की ॲपची नवी आवृत्ती वर्गणी भरणाऱ्यांसाठी राहील. नव्या आवृत्तीचा कोड आता उघडा नव्हता. "हप्ता राहिला" मात्र जसेच्या तसे होते. भाषांतर करणाऱ्यांच्या यादीतून सातही नावे गायब झाली होती. तेव्हा कुठे मी तो मजकूर छापून काढला आणि एका वकील मैत्रिणीकडे नेला. तिने पेन्सिलीने चार शब्दांखाली रेघा ओढल्या. मुलींनी दिलेल्या कामाचा हक्क संस्थेला कायमचा, जगभर, परत न घेता येणारा आणि मोबदल्याविना मिळाला होता. शिवाय एक वाक्य असे, की हे काम संस्था तिला योग्य वाटेल त्या कोणत्याही अटींवर पुढे देऊ शकेल. सगळी मेख त्या एका वाक्यात होती.

अशा कागदाला या क्षेत्रात काँट्रिब्युटर लायसन्स ॲग्रीमेंट म्हणतात, म्हणजे हातभार लावणाऱ्याचा परवाना-करार. कागदोपत्री मालकी मुलींकडेच राहते, म्हणून वाचणाऱ्याला तो निरुपद्रवी वाटतो. पण मालकी नावापुरती ठेवून वहिवाटीचा सगळा अधिकार दुसऱ्याला दिला, तर हक्कसोडपत्रात आणि त्यात फरक किती उरतो, हे सात-बारावर नाव असूनही शेताच्या बांधावर पाय ठेवू न शकलेल्या बायका सांगतील.

आपल्या फसवणुकीत आपण एकट्याच असतो असे बाईला नेहमी वाटते, म्हणून हेही सांगते. हे मोठ्या, शिकलेल्या, इंग्रजी अस्खलित वाचणाऱ्या इंजिनिअरांबाबतही घडले आहे. हॅशिकॉर्प या अमेरिकन कंपनीचे टेराफॉर्म नावाचे प्रसिद्ध ओपन सोर्स सॉफ्टवेअर होते. बाहेरच्या अनेकांनी त्यात भर घातली होती आणि असाच करारही केला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने पुढच्या आवृत्त्यांचा परवाना बदलून त्यावर धंदेवाईक बंधने घातली. करारामुळे तिला कोणाला विचारण्याची गरज पडली नाही. मात्र जुनी आवृत्ती जुन्याच परवान्याखाली राहिली. जे एकदा सगळ्यांना दिले ते परत घेता येत नाही. रागावलेल्या लोकांनी ती जुनी आवृत्ती घेऊन ओपनटोफू नावाने वेगळी चूल मांडली, आणि लिनक्स फाउंडेशनने तिला आसरा दिला.

वेगळी चूल मांडण्याचा हक्क आम्हालाही आहे. ॲपची जुनी आवृत्ती आजही कायदेशीरपणे आमची, तुमची, कोणाचीही आहे. पण चुलीला रोज जळण लागते. मोबाईल बदलतात, ॲप दुरुस्त करावे लागते, ते जाणणारी माणसे लागतात. सातातली एक मुलगी आता डिप्लोमा करते आहे. रविवारी सुटीच्या दिवशी ती त्या कोडशी झुंजत बसते. तिच्या एकटीच्या खांद्यावर किती टाकणार?

भारतीय कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाला, आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाही, थोडे संरक्षण आहे. हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत. कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरला जातो. आमच्या कागदात "कायमचा" आणि "जगभर" हे शब्द होते, त्यामुळे ही कलमे आमच्या कामाला आली नाहीत. पण कलम ५७ आहे. हक्क दुसऱ्याला दिल्यावरही, हे काम माझे आहे असे म्हणण्याचा लेखकाचा अधिकार शाबूत राहतो. त्याच्या आधारे आम्ही पत्र धाडले. तीन महिन्यांनी नावे परत आली, रोमन लिपीत, एक चुकीच्या स्पेलिंगसह.

त्या यादीचीही एक गंमत झाली, गंमत म्हणायची तर. मधल्या काळात एकीचे लग्न झाले. सासरी तांदळात नवे नाव लिहून तिचे पहिले नावसुद्धा बदलले. ॲपमध्ये आहे ती मुलगी आता कागदोपत्री कोणीच नाही. करारांना कायदेशीर नाव लागते, आणि बाईचे नाव किती वेळा बदलते हे करार लिहिणाऱ्यांच्या गावी नसते.

दुसरी एक पद्धत आहे, ती मला पुष्कळ बरी वाटते. लिनक्स हे जगातल्या सर्वात मोठ्या ओपन सोर्स कामांपैकी एक. २००३ साली एका कंपनीने दावा केला, की लिनक्समध्ये आमच्या मालकीचा कोड घुसवला आहे. त्यानंतर २००४ साली लिनक्सने एक छोटे प्रतिज्ञापत्र आणले. त्यात हक्क कोणालाच सोडून द्यायचे नसतात. हे काम माझे आहे किंवा ते देण्याचा मला अधिकार आहे, आणि याच परवान्याखाली मी ते देत आहे, एवढेच सांगून नाव लिहायचे. घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला परवाना एकच. उद्या दार बंद करायचे म्हटले तर प्रत्येकाला विचारावे लागेल. कामाचे मालक हजारो असतात, आणि तेच त्याचे कुलूप असते.

या पद्धतीतही बाईने जपून राहावे अशी एक गोष्ट आहे. त्या प्रतिज्ञापत्रातच लिहिलेले असते, की तुमचे नाव आणि ईमेल या कामाच्या नोंदीत कायम राहील आणि ते सर्वांना दिसेल. नवऱ्याच्या मारहाणीतून निसटून दुसऱ्या शहरात राहणाऱ्या बाईला हे किती महागात पडू शकते, हे आपल्यापैकी समुपदेशन केंद्रात बसणाऱ्यांना सांगायला नको. लिनक्समध्ये आधी खरे नावच लागत असे. २०२३ मध्ये त्यांनी तो नियम सैल केला, आता ज्या नावाने लोक तुम्हाला ओळखतात ते चालते. हा बदल लहान आहे, पण तो योग्य दिशेचा आहे.

हक्क लिहून घेणारे सगळेच लबाड असतात, असे मात्र मी म्हणणार नाही. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था आपल्या अनेक कामांसाठी पूर्ण मालकीहक्क लिहून घेत आली आहे, कोणी परवाना मोडला तर कोर्टात उभे राहता यावे म्हणून. पण त्या बदल्यात ती लेखी वचन देते, की हे काम कायम मुक्तच राहील. कागद दोन्ही बाजूंना बांधतो. आमच्या कागदात संस्थेच्या बाजूचे असे एकही वचन नव्हते, फक्त मुलींची होती.

अजिंठ्यात राहून लेण्यांचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. सोळा क्रमांकाच्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे, सव्वीसमध्ये भिक्षू बुद्धभद्राचा. कोणी दान दिले ते दगडात कोरले गेले. ज्यांनी भिंतींवर रंग भरले त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. पण त्याच लेण्यांत लहान लहान लेखही आहेत, साध्या भिक्षूंनी दिलेल्या चित्रांखाली: हे अमक्याचे धर्मदान, याचे पुण्य सर्व जीवांना मिळो. एका ओळीत देणाऱ्याचे नाव आले, काय दिले ते आले आणि कोणासाठी दिले तेही आले. आमच्या मुलींना सात पानांच्या इंग्रजी मजकुरात यातली तिसरी गोष्ट कुठेच सापडली नाही.

वकील मैत्रीण म्हणाली होती, की दोघी तेव्हा अल्पवयीन होत्या, त्यांच्या शब्दांपुरते भांडता येईल. मी मुलींना विचारले. त्यांच्यात बरीच वादावादी झाली. शेवटी जिने "थकबाकीदार" नाकारला होता तीच म्हणाली, "ताई, शब्द काढून घेतले तर बायकांच्या मोबाईलवर परत इंग्रजी येईल. आपण संस्थेला दिलेच नव्हते, बायकांना दिले होते." मला वाटत होते भांडावे. पण शब्द त्यांचे होते, निर्णय त्यांचाच राहिला. वर्गणी परवडणारे गट नवी आवृत्ती वापरतात, बाकीचे वहीवर परतले आहेत.

हा प्रश्न आता वाढणार आहे, कारण संगणकाला मराठी शिकवायला बायकांचे आवाज हवे आहेत. गरीब, ग्रामीण माणसांकडूनही उत्तम आवाज गोळा करता येतात, हे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी २०२० सालीच मराठीत करून दाखवले. ३६ जणांकडून १०९ तासांचे ध्वनिमुद्रण. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पातही मराठी आहे. तिथे आवाजावरचे सगळे हक्क सोडावे लागतात, मात्र ते एका कंपनीसाठी नव्हे, साऱ्या जगासाठी. ज्याला त्याला हा फरक पुरेसा वाटेल किंवा वाटणार नाही, पण तो आधी कळला पाहिजे. २०१७ साली गिटहबने ओपन सोर्समधल्या लोकांची पाहणी केली, तेव्हा उत्तर देणाऱ्यांत स्त्रिया ३ टक्के होत्या. कागद लिहिणाऱ्यांत आपण नाही. फुकट श्रम देणाऱ्यांत मात्र आपल्याला बोलावणे येत राहील.

आम्ही केंद्रात अर्धे पान मराठीत लिहून भिंतीवर लावले आहे. घेणारी संस्था काय वचन देते, उद्या अटी बदलल्या तर आम्हाला विचारणार का, नाव कुठे आणि कोणत्या रूपात राहील. गेल्या महिन्यात आवाज गोळा करणारे एक गृहस्थ माईक घेऊन आले होते. चहा झाला. मग गटाच्या अध्यक्ष बाईंनी, ज्यांना सही शिकून दोनच वर्षे झाली आहेत, त्यांना त्या पानासमोर नेऊन उभे केले आणि पोरीकडून मोठ्याने वाचून घेतले. गृहस्थ म्हणाले, ऑफिसात विचारून सांगतो. माईक पेटीत घालून ते परत गेले. आम्ही उत्तराची वाट पाहत आहोत.