बेवारस कोणी केले?

घराचे नाव 'दत्तकृपा'. बैठकीत दत्तगुरूंची तसबीर. मागे गाय, पायाशी चार कुत्रे, पुढे दररोज उदबत्ती. आणि बाहेर फाटकाला टांगलेली पाटी : 'खोली भाड्याने देणे आहे. कुत्रे-मांजर चालणार नाही.' असले घर आमच्या सावंगीत शोधायला फार हिंडावे लागत नाही. तसबिरीतले चार चालतात आणि दारातला एक चालत नाही, हे गणित माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराला सुटत नाही. चार कादंबऱ्या लिहूनही सुटले नाही. म्हणून दिवाळीच्या फराळात हा एवढा तिखट घास वाचकांच्या ताटात वाढतो. गोड मानून घ्यावा.

सावंगी (मेघे) हे गाव वर्ध्याला खेटून. १९९० साली येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, मोठे रुग्णालय उभे राहिले आणि गावाचे रूप पालटले. जिथे काल गुरांचा कोठा होता, गवळाऊ बैलांची जोडी बांधलेली असे, कुटाराच्या ढिगावर मांजर निजत असे, तिथे ओळीने खोल्या उठल्या. विद्यार्थी, परिचारिका, नोकरदार, आमच्यासारखे मास्तर, सारे बिऱ्हाडकरू. घरमालकाच्या हाती चार पैसे आले, यात वाईट काहीच नाही. परंतु ज्यांचे आजे बैलांशेजारी खाट टाकून झोपले, त्यांच्या नातवांना आज भाडेकरूच्या मांजराचा वास सोसत नाही, याचे नवल वाटते.

घरमालकांची बाजू मी ऐकलेली नाही असे मात्र कोणी समजू नये. एकाने मला सरळच विचारले, "मास्तर, ते दार कुरतडते, पायरीवर घाण करते, रातभर भुकते. शेजारी माह्याच नावानं बोंबलते. कोनाकोनाले उत्तर देऊ?" प्रश्न रास्त आहे. पण यातली प्रत्येक तक्रार नुकसानीची किंवा उपद्रवाची आहे, आणि दोहोंना इलाज आहे. नुकसानीसाठी अनामत रक्कम घेतलेलीच असते. पोराने भिंतभर रेघोट्या ओढल्या, नळ मोडला, तर मालक त्यातून पैसे कापतो. 'पोरे चालणार नाहीत' अशी पाटी लावत नाही. उपद्रवाचे म्हणाल, तर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे तिथे शेजाऱ्यांना त्रास देणाऱ्या भाडेकरूला बाहेर काढण्याची तरतूद त्यात आहे. शिक्षा त्रासाला असावी. घरात मांजर आहे, एवढ्यालाच ती कशी?

माझा खरा आक्षेप याहून पुढचा आहे. मालक 'नाही' म्हणतो, त्याने कुत्रे जगातून नाहीसे होत नाही. ते फक्त रस्त्यावर येते.

आमच्या गल्लीत एका वयस्क बिऱ्हाडकरूचे नऊ वर्षांचे कुत्रे होते. घर विकले गेले. नव्या मालकाने निर्वाणीचे सांगितले, कुत्रे तरी ठेवा, नाहीतर खोली तरी. नव्या खोलीसाठी त्या गृहस्थाने सात फाटके हिंडून पाहिली; सातही ठिकाणी तीच पाटी. शेवटी एका पहाटे त्याने ते स्कूटरवर बसवून सालोडच्या वाटेला सोडले आणि घरी येऊन दिवसभर जेवला नाही. तिसऱ्या दिवशी कुत्रे परत आले. फाटक बंद, तेव्हा बाहेरच बसले. आता ते उकिरड्यावर खाते, टोळीत हिंडते, रात्री येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर जाते. लस टोचायला त्याला कोणी नेत नाही. तोच मालक त्याला दगड मारतो आणि 'भटक्या कुत्र्यांचा फार सुळसुळाट झाला' म्हणून ग्रामपंचायतीकडे गाऱ्हाणे नेतो. भटके कोणी केले, एवढे मात्र तो विचारत नाही.

आमच्या जिल्ह्याला तरी हे सांगावे लागू नये. १९३६ साली जे गांधीजी येथल्या शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहायला आले, त्यांनी दहा वर्षे आधी या प्रश्नाचा वाद अंगावर घेतला होता. १९२६ मध्ये अहमदाबादेच्या एका गिरणीमालकाने पिसाळण्याच्या भीतीने भटकी कुत्री मारविली. गांधीजींनी 'यंग इंडिया'तून त्याची बाजू घेतली आणि भल्याभल्यांचा रोष ओढवून घेतला. त्या लेखांतले त्यांचे म्हणणे असे होते की, धन्यावाचून हिंडणारे कुत्रे समाजाला धोका आहे आणि ही लाज समाजाचीच आहे. ज्याला दया येते त्याने तुकडे फेकण्याऐवजी कुत्र्याचे धनीपण पत्करावे. आता ज्याला धनी व्हायचे आहे, त्यालाच आपण खोली नाकारतो!

कायद्याची तऱ्हा अशी. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराला उपाशी मरायला सोडून देणे हा गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात आज चकल्यांचे पाकीटही येणार नाही. २०१५ साली भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने गृहनिर्माण संस्थांना बजावले की, बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांना बंदी घालता येत नाही. पण ते सदनिकांच्या संस्थांपुरते. आमच्या खोलीवाल्याच्या पाटीला ते पुसत नाही. फ्रान्समध्ये राहत्या घराच्या करारातली अशी अट १९७० च्या कायद्यानेच रद्दबातल ठरते; धोकादायक कुत्र्यांचा अपवाद तेवढा आहे. परदेशाचा दाखला नको असेल तर महाभारत उघडावे. स्वर्गाच्या दारी इंद्रानेही युधिष्ठिराला हेच सांगितले होते. धर्मराजाने स्वर्ग नको म्हटले, सोबतचे कुत्रे सोडले नाही.

आता दोन शब्द भाडेकरूंना. दहा बाय दहाच्या खोलीत कुत्रे कोंडून बारा तास कामावर जाणारे, आणि शिक्षण संपताच पेटी उचलून ते मागे टाकून जाणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी माझी लेखणी झिजणार नाही. ज्याला वेळ नाही, त्याने पाळू नये.

पण जो नीट सांभाळतो, त्याच्याशी करार करावा. दरवर्षी रेबीजची लस आणि तिचा दाखला मालकाला दाखवणे. घाण स्वतः काढणे. नुकसान अनामतीतून भरून देणे. खोली सोडताना जनावर बरोबर नेणे. उपद्रव झाला तर लेखी ताकीद, आणि नाही ऐकले तर खोली रिकामी. अंगावर धावणारे कुत्रे असेल तर मालकाने खुशाल नकार द्यावा. पण नकार त्या कुत्र्याला पाहून असावा, पाटी वाचून नव्हे.

आपली दिवाळी वसुबारसेला सुरू होते, गाय-वासराला ओवाळून. तिकडे नेपाळात याच दिवसांत कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूचे हार घालतात. घरमालकांनो, हार घालू नका हवे तर. या पाडव्याला फाटकावरची पाटी उतरवा आणि तिच्या जागी चार ओळींच्या अटी लिहा. बिऱ्हाडकरू त्या वाचेल, पाळेल, आणि आपल्या गल्लीतले एक कुत्रे तरी बेवारस व्हायचे वाचेल.