पंधरवड्याचा मनाई हुकूम

दर पंधरा दिवसांनी आमच्या कचेरीत एक सरकारी कागद येतो. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयाचा तो आदेश असतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) व (३) चा त्यात हवाला असतो आणि अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत जिल्ह्यात मनाई आदेश लागू असल्याचे त्यात नमूद केलेले असते. आमचा उपसंपादक मागील पंधरवड्याचा मजकूर काढतो, तारखा बदलतो आणि आतल्या पानाच्या तळाशी, पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाशेजारी, तो लावून देतो. मागे एकदा त्याच्या हातून तारखा बदलावयाच्या राहिल्या आणि उलटून गेलेल्या मुदतीचाच हुकूम आम्ही छापला. एकाही वाचकाचे पत्र आले नाही. हुकूम ज्यांनी काढला त्यांच्याकडूनही विचारणा झाली नाही. पाणी सुटण्याची वेळ अर्ध्या तासाने चुकली असती, तर दुपारपर्यंत दूरध्वनी वाजत राहिला असता.

त्या चुकीने आम्हांस तो कागद प्रथमच अक्षरशः वाचावयास लावला. शस्त्रे, लाठ्या, दगड व स्फोटके बाळगण्यास त्यात मनाई आहे. त्याबद्दल कोणाही सुज्ञ नागरिकाची तक्रार असणार नाही. परंतु पुढे वाचावे. व्यक्तींच्या प्रतिमांचे प्रदर्शन, जाहीर घोषणा, गाणी, वाद्ये, आवेशाची भाषणे, हावभाव, चित्रे आणि फलक यांचीही तेथे मोजदाद आहे. सभ्यतेस धक्का देणारे किंवा राज्याची सुरक्षितता धोक्यात आणणारे ते सर्व निषिद्ध, आणि तसे ते आहे की नाही हे ठरविणार अधिकारी. शेवटी, पूर्वपरवानगीवाचून पाच किंवा अधिक माणसांनी जमण्यास आणि मिरवणूक काढण्यास बंदी. लग्ने, अंत्ययात्रा, धार्मिक विधी, नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे यांना सामान्यतः सूट असते. म्हणजे काय, हे जरा शांतपणे ध्यानात घ्यावे. नाचावयास, रडावयास, पूजेस आणि करमणुकीस एकत्र येण्याला अडकाठी नाही. अडकाठी आहे ती राज्यकर्त्यांस काही सांगावयास एकत्र येण्याला.

भारतीय संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्कावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही त्याच अनुच्छेदाने राज्यास दिली आहे. मूळ मुंबई पोलीस कायदा १९५१ चा. संविधान अमलात आल्यानंतर दुसऱ्या वर्षीचा. जमाव वा मिरवणुकीवरील बंदी राज्य सरकारच्या मंजुरीखेरीज पंधरा दिवसांहून अधिक काळ चालू राहणार नाही, अशी मर्यादा त्या कायद्याने घातली, तेव्हा ही बंदी अपवादाची आहे, प्रसंगाची आहे, प्रसंग सरला की ती सरली पाहिजे, हेच कायदेकर्त्यांच्या मनात होते. प्रशासनाने या मर्यादेस हात लावला नाही. त्याने एवढेच केले, की मुदत संपताच नवा हुकूम काढावा. सण गेला की निवडणूक येते, निवडणूक गेली की जयंती येते, जयंती गेली की कोठेतरी कोणाचे उपोषण असते. कारणांना तोटा नसतो. पंधरा दिवसांची मुदत अशा रीतीने बारा महिन्यांचा नियम होऊन बसते आणि अपवादाचा कागद पंचांगासारखा नेमाने येऊ लागतो.

येथे वाचक म्हणतील, की आम्हांस तर याचा कधीच काही त्रास झाला नाही. हे अगदी खरे आहे आणि आमच्या मते सर्व अनर्थाचे मूळ येथेच आहे. जळगावात मेहरूण तलावाच्या काठी सकाळी फिरावयास येणाऱ्यांचे पाच-सहा जणांचे घोळके रोज उभे असतात. धुळ्यात पांझरेच्या काठी, चहाच्या टपरीवर, वाचनालयाच्या पायरीवर माणसे जमतात आणि सरकारच्या नावाने बोटेही मोडतात. हुकुमाचे शब्द काटेकोरपणे लावावयाचे म्हटले, तर यांतल्या कित्येक घोळक्यांना परवानगी विचारावी लागेल. पोलीस तिकडे ढुंकून पाहत नाहीत आणि पाहू नये हेच योग्य. परंतु कापसाच्या भावासाठी तहसील कचेरीपुढे बसलेले शेतकरी, थकलेल्या मानधनासाठी उभ्या राहिलेल्या अंगणवाडी सेविका, वनजमिनीचा दावा घेऊन सातपुड्यातून उतरलेले आदिवासी, यांच्या बाबतीत तोच कागद जागा होऊ शकतो. जो हुकूम सर्वांवर बजावला जातो आणि निवडक माणसांवरच चालविला जातो, तो कडक हुकुमापेक्षाही घातक, असे आमचे मत आहे. कडक हुकूम सर्वांना टोचतो, म्हणून त्याविरुद्ध ओरड तरी होते. हा हुकूम ज्यांना ओरडता येते, ज्यांच्या घरी वकील आहेत आणि ज्यांची पत्रे वृत्तपत्रांत छापून येतात, त्यांना स्पर्शच करीत नाही. आपली उदासीनता शांत स्वभावातून आलेली नाही. आपली निवड होणार नाही या खात्रीतून ती आली आहे.

अशा स्थितीत हक्काचे हक्कपण उरत नाही, त्याची मेहेरबानी होते. मोर्चाला परवानगी मिळते, नाही असे नाही, पुष्कळदा मिळते. पण जे मागावे लागते आणि नाकारता येते त्यास आपल्या भाषेत हक्क म्हणत नाहीत. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, असे आपले वाडवडील सांगून गेले. एखादा मोर्चा अडला म्हणून आभाळ कोसळत नाही. न विचारता अडविता येतो, ही सवय मात्र लागते. ती अडविणाऱ्याला लागते तशीच, किंबहुना त्याहूनही अधिक, अडून राहणाऱ्याला लागते.

दुसरी बाजू आम्ही लपवू इच्छीत नाही. धुळे शहराने २००८ ची दंगल पाहिली आहे. जानेवारी २०१३ मध्ये तेथे पुन्हा दंगा उसळला आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण प्राणास मुकले. असे प्रसंग ज्या जिल्ह्याच्या स्मरणात ताजे आहेत, तेथील अधिकाऱ्याने सावध राहू नये असे कोण म्हणेल? दगड हातात घेऊन निघालेल्या जमावास रोखण्याचा अधिकार त्याच्यापाशी असलाच पाहिजे. परंतु नित्याच्या हुकुमाने शांतता राखली जाते काय, हा प्रश्न उरतोच. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. असला जमाव परवानगीचा अर्ज करीत नाही आणि वृत्तपत्राच्या आतल्या पानावरील निवेदन वाचून घरीही जात नाही. परवानगी मागतो तो निवेदन घेऊन येणारा माणूस, आणि नकार ऐकून परत फिरतो तोही तोच. बारमाही हुकुमाची जरब बसते ती ज्याच्यापासून धोका नाही अशावर.

न्यायालयांनी हे ओळखलेले नाही असे नव्हे. अहमदाबादेत रस्त्यावरील सभेस परवानगी नाकारण्याचा मोकाट अधिकार पोलिसांना देणारा, याच पोलीस कायद्याखालील एक नियम सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हिंमतलाल शहा यांच्या प्रकरणात रद्द ठरविला. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरसंबंधीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले, की फौजदारी संहितेच्या कलम १४४ खाली एकामागून एक असे आदेश काढीत राहणे हा अधिकाराचा दुरुपयोग होय आणि रास्त मतप्रदर्शन दडपण्यासाठी ते कलम वापरता येत नाही. ते कलम १४४ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम १६३ म्हणून नांदत आहे. आकडा बदलला, अधिकार कायम आहे. आणि खानदेशातील दावे ज्याच्यापुढे जातात त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये, बीड जिल्ह्यातील माजलगावच्या प्रकरणात, थेट कलम ३७ खालील असाच एक आदेश रद्द केला. नागरिकत्व कायद्यातील दुरुस्तीविरुद्ध तेथील काही नागरिकांना शांततेने धरणे धरावयाचे होते. आदेश वरकरणी सर्वांसाठी होता. प्रत्यक्षात तो या आंदोलकांचे तोंड बंद करण्यासाठी होता, असे खंडपीठास आढळले. एका कायद्यास विरोध करतात एवढ्यावरून कोणास देशद्रोही म्हणता येणार नाही, हेही न्यायमूर्तींनी बजावले. निकाल स्पष्ट आहे. तथापि पंधरवड्याचा कागद यावयाचा थांबलेला नाही. निकाल अमलात येतो तो कोणीतरी त्याची आठवण करून देतो तेव्हा.

ही उदासीनता खानदेशच्या मातीतली नव्हे. ऑगस्ट १९३६ मध्ये नागरी स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी रवींद्रनाथ टागोरांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत एक अखिल भारतीय संघ स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, त्या संघाच्या कल्पनेमागे असलेले पंडित नेहरू, यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसच्या पहिल्या ग्रामीण अधिवेशनाचे अध्यक्ष होते. त्याआधी १९३२ मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात, विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरची शाळा सोडून सत्याग्रहात उतरलेल्या साने गुरुजींनी ती टिपून घेतली. परक्या सरकारच्या कोठडीत, कैद्यांना एकत्र बसून बोलण्या-ऐकण्याची जी मोकळीक होती, तिच्यातून महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचलेला ग्रंथ निर्माण झाला. परकी सत्ता उदार होती असा याचा अर्थ मुळीच नाही. १९४२ मध्ये नंदुरबारात तिने शाळकरी पोरांवर गोळ्या झाडल्या. अर्थ एवढाच, की एकत्र येऊन बोलण्याची किंमत त्या पिढीला ठाऊक होती, कारण तिने ती मोजली होती.

पंधरवड्याच्या हुकुमाकडे डोळेझाक करण्याची सवय मोठ्या प्रसंगी कशी नडते, याचे उदाहरण ताजे आहे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केले. १० जुलै रोजी विधानसभेत ते आवाजी मतदानाने पार पडले. नक्षलवादी संघटनांच्या शहरांतील पाठीराख्यांना आळा घालणे हा त्याचा हेतू असल्याचे सरकारने सांगितले, आणि संयुक्त समितीने मूळ मसुद्यात काही बदल करून तो कडव्या डाव्या व तत्सम संघटनांपुरता मर्यादित करण्याचा यत्नही केला. परंतु २०२४ च्या मूळ मसुद्यात बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत, प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे याचाही समावेश होता. या व्याख्येत मिठाचा सत्याग्रह बसतो की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती गेल्या. ज्यांनी त्या पाठविल्या त्यांचे आम्ही अभिनंदन करतो. पण विधानसभेत उघड विरोध नोंदविला तो माकपचे एकमेव सदस्य विनोद निकोले यांनी. जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांतून सोळा आमदार निवडून जातात. विधेयक आपण वाचले होते काय, एवढे त्यांपैकी एकास तरी आपण विचारले काय? आम्ही विचारले नाही, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो.

वृत्तपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी आम्ही शाळेत नागरिकशास्त्र शिकवीत असू. १९ व्या अनुच्छेदातील स्वातंत्र्ये मुलांकडून क्रमवार पाठ करून घेत असू आणि मुलेही दोन गुणांच्या आशेने ती बिनचूक लिहीत. आता ध्यानात येते, की आम्ही हक्काची यादी शिकविली. तो हक्क हातातून निसटतो तेव्हा ते कशावरून ओळखावे, हे शिकविले नाही. ती मुले आज चाळिशीत आहेत. आमचे वाचक आहेत. शिक्षकाची राहिलेली उजळणी संपादकाने पुरी करावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

म्हणून आम्ही काही ठरविले आहे. यापुढे कलम ३७ खालील प्रत्येक आदेश या दैनिकात पहिल्या पानावर छापला जाईल. त्यात कारण दिले असेल तर कारणासह. आणि दिले नसेल, किंवा मागीलच वाक्ये पुन्हा उतरविली असतील, तर तसे स्पष्ट लिहून. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वये आम्ही दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनास तीन प्रश्न विचारीत आहोत. गेल्या पाच वर्षांत एकही मनाई आदेश लागू नव्हता असे दिवस किती? प्रत्येक आदेशामागे कोणती प्रत्यक्ष माहिती होती? आणि आदेशभंगाचे खटले कोणकोणत्या प्रकारच्या जमावांवर भरले गेले? येतील ती उत्तरे आम्ही जशीच्या तशी छापू. प्रशासनाची बाजू सबळ निघाली, तर तेही मोकळ्या मनाने सांगू.

वाचकांकडे आमचे मागणे लहान आहे. वकील संघांनी माजलगावचा निकाल वाचावा. शिक्षकांनी पुढचा आदेश वर्गात नेऊन मुलांपुढे मोठ्याने वाचावा. आणि इतरांनी, सकाळी चहा घेताना, तो निदान एकदा संपूर्ण वाचून काढावा. तारखा चुकल्या तर आम्हांस पत्र लिहावे. त्या पत्राची आम्ही वाट पाहत आहोत.