पंपाचे औषध छातीपुरते नसते

सुरतजवळच्या पलसाण्यात कापड-प्रक्रियेच्या गिरण्या आहेत. सुरतच्या कापडधंद्यात खानदेशातून गेलेले मराठी हातही राबतात. त्यांपैकी दमा किंवा सीओपीडी (श्वास अडवणारा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार) झालेला कामगार पंप ओढतो, तेव्हा औषध केवळ श्वासनलिकांत राहते, हा समज चुकीचा आहे. काही अंश फुप्फुसांतून आणि गिळल्यावर पोटातून रक्तात उतरतो. सॅल्मेटेरॉल, फॉर्मोटेरॉल या पंपातल्या श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधांमुळे छातीत धडधड, हाताला कंप, क्वचित पोटॅशियमची घट होऊ शकते. टायोट्रोपियम या पंपातल्याच दुसऱ्या औषधामुळे तोंड कोरडे पडू शकते. त्याने प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवीही अडू शकते.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत २६ हजारांहून अधिक दमेकरी होते. सॅल्मेटेरॉल घेणाऱ्यांत दम्याने १३ मृत्यू झाले, औषधाविना नुसता पंप घेणाऱ्यांत ३. म्हणूनच दम्यात हे औषध एकटे नव्हे, श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडच्या जोडीनेच द्यायचे असते.

पंप लिहून देताना हे सारे रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग आहे. रुग्णांनीही हृदयविकार, काचबिंदू लपवू नये, मनाने मात्रा वाढवू नये आणि घाबरून पंपही सोडू नये. त्रास झाला, तर आधी डॉक्टरांना विचारा.