फौजदाराचा चहा

परवा एक फोटो पाहिला. तालुक्याला नवा पी.आय. आला म्हणून आपली पाच पोरं त्याच्या केबिनात गेली. गळ्यात निळे रुमाल. एकानं शाल घातली, एकानं नारळ दिला, एकानं संविधानाची प्रत हातात ठेवली. साहेब हसतोय. पोरं साहेबापेक्षा जास्त हसतायत. मागं भिंतीवर बाबासाहेब. खाली लिहिलंय, 'कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याचा जाहीर सत्कार'. चार्ज घेऊन साहेबाला झाले होते तीन दिवस. तीन दिवसांत कसलं कर्तव्य आणि कसली दक्षता, ते फोटोत दिसत नाही.

ह्या पोरांना मी शिव्या घालणार आहे. पण आधी स्वतःला घालतो. कारण त्या केबिनात मी पण बसलोय. शाल नव्हती, चहा होता.

पहिला फौजदार मी पाहिला तो १९७८ साली. अकरा वर्षांचा होतो. २७ जुलैला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. असं सगळे लिहितात, मराठवाडा पेटला. वाडे कुठं पेटले? वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे मारले गेले ते त्याच दिवसांत. आमच्या वस्तीतली नऊ घरं गेली. तिसऱ्या दिवशी जीप आली. फौजदार वस्तीत आला नाही. पाटलाच्या ओसरीवर बसला. तिथं सावली होती, दूध होतं. बापाला तिकडं बोलावलं. बाप अंगणात उभा, पायताण हातात. मी बापाच्या धोतराला धरून.

'काय रं, चुली नीट इझवत न्हवता का रातच्याला?'

बाप म्हणला, 'न्हाई साहेब.'

ते 'न्हाई' कशाला होतं, ते बापालाच ठाऊक. पंचनाम्यात गेलं, चुलीतली ठिणगी उडून आग लागली. नऊ घरं, नऊ चुली, एकाच रात्री एकाच वक्ताला नऊ ठिणग्या! पंच कोण? रॉकेलचे डबे ज्यांनी आणले त्यांच्यातलेच दोघं. बापाचा अंगठा घेतला. काय लिहिलंय ते वाचून दाखवलं नाही, आणि बापानं विचारलं नाही. साहेबाला विचारायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. विद्यापीठाच्या पाटीवर बाबासाहेब यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. बाप तोवर गेला होता. तो कागद अजून कुठल्यातरी रेकॉर्ड रूममध्ये असेल. त्यावर आमचं घर आम्हीच जाळलंय.

बापाला भीती का वाटली म्हणून तेव्हा मी लई चिडायचो. आता कळतं. त्याचा बाप, म्हणजे मपला आजा, गावचा वेसकर. रातभर वेशीवर काठी घेऊन बसायचं, आला-गेला हटकायचा, चोराचा माग काढायचा, सरकारी माणूस आला की त्याचं ओझं पुढच्या गावाला पोचवायचं. म्हणजे बघा, गावचा पोलीस तोच, गावच्या सीमेवरचा शिपाईही तोच. पगार? घरोघर हिंडून मागितलेली शिळी भाकर. ज्या वेशीची राखण केली तिच्या आत त्याला घर नव्हतं. असं पोलीसपण आपल्या रक्तात हजार वर्षं मुरलंय, वरून हुकूम आणि हातात भाकर. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं ते ही काठी सुटावी म्हणून. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. काठी तीच.

आता चहाचं सांगतो.

१९९१ साल. मी बी.ए. झालेलो, गावोगाव भाषणं ठोकायचो, तालुक्यात चार लोक ओळखायचे. शेजारच्या गावात एका आक्काला हापशावर मारलं. तिचा हंडा फेकला, केस धरून ओढली, जातीवरून जे बोलायचं ते बोलले. ते मी इथं लिहीत नाही, तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. आक्का मला घेऊन ठाण्यात गेली. ठाण्याचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की बाकीची ठाणी सुटतात.

फौजदार उठून उभा राहिला. माझ्यासाठी! 'या या, साहेब, बसा.' मला खुर्ची. आयुष्यात पहिल्यांदा खाकीवाला मला अहो-जाहो करत होता. आक्का बाहेर व्हरांड्यात फरशीवर बसलेली, डोक्याला फडकं बांधलेलं. फौजदारानं चहा मागवला. कपबशीत. 'तुम्ही शिकलेले, तुम्हाला कळतं,' तो म्हणाला. 'अॅट्रॉसिटी घातली की गाव फुटतं. उद्या ह्या बाईला तिथंच राहायचंय ना? एन.सी. घेऊ. मी त्या पोरांना बोलावून दम देतो. शब्द माझा.' तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा. अदखलपात्र. आणि मी, बी.ए., बशीत चहा ओतून पीत म्हणालो, 'बरोबर आहे साहेब.'

मीच बाहेर आलो. मीच आक्काला समजावलं. ती म्हणाली, 'भाऊ, त्यायनी मला काय म्हणलं ते लिव्हलं का?' मी म्हणालो, 'लिहिलंय, लिहिलंय.' तिनं अंगठा दिला. तेरा वर्षांपूर्वी बापाचा अंगठा घेतला फौजदारानं. आक्काचा मी घेतला.

पंधरा दिवसांत तिची गिरणी बंद. काम बंद. किराणा बंद. दम मिळाला तो तिला मिळाला. दिवाळी झाल्यावर ती मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेली ती परत गावात आली नाही.

अॅट्रॉसिटीचा कायदा तेव्हा लागू होऊन पुरतं दीड वर्ष झालं होतं. १९८९ चा कायदा, ३० जानेवारी १९९० पासून अमलात. त्यात चौथं कलम होतं, कामात मुद्दाम कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला सहा महिने ते वर्षभर कैद. मी वाचलंच नव्हतं. शंभर भाषणांत मी 'कायदा, कायदा' ओरडलो, आणि कायद्याचं पुस्तक हातात नव्हतं. फौजदाराला ते माहीत होतं म्हणून तर कपबशी निघाली, लेकांनो. फुकटचा चहा ठाण्यात कुणाला मिळत नसतो.

तुम्ही म्हणता, 'काका, साहेबाशी संबंध ठेवले तर उद्या काम होतं.' कुठलं काम? जयंतीच्या मिरवणुकीत डीजेला दहानंतर वीस मिनिटं जास्त मिळतात. ह्यापुढं ह्या संबंधांची मिळकत मी तरी पाहिली नाही. आणि मिरवणुकीबाहेरचा हिशोब? ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर. सकाळी पुतळ्याला चपलांचा हार, लोक रस्त्यावर, आणि राज्य राखीव दलाच्या गोळ्यांनी दहा माणसं मेली. सांगितलं काय, तर म्हणे जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता. हुकूम देणाऱ्या फौजदाराला जन्मठेप व्हायला २००९ उजाडलं, आणि जामीन व्हायला मात्र वर्षं लागली नाहीत.

परभणीचं तर काल-परवाचं. १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरची संविधानाची प्रतिकृती फोडली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग वस्त्यांत घुसून धरपकड. सोमनाथ सूर्यवंशी, वकिलीचं शिकणारा वडार समाजाचा पोरगा, १५ डिसेंबरला कोठडीत मेला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा. तरी गुन्हा नोंदवा म्हणून सांगायला जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश काढावा लागला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथं फेटाळलं गेलं. एका आईचा एक एफ.आय.आर. दिल्लीपर्यंत जाऊन यावा लागतो. आणि तुम्ही त्याच संविधानाची प्रत शालीवर ठेवून देता. साहेब ती कपाटावर ठेवतो. धूळ झाडायला तरी कुणी जातं का नंतर?

आता एक उलटं सांगतो, नाहीतर म्हणाल काका एकतर्फी बोलतो.

२०१६ साली नांदेडहून बसनं आम्ही बोधगया, सारनाथ, कुशीनगर करत लुंबिनीला निघालो. पंचेचाळीस माणसं, तीस बाया. सोनौलीची सीमा. तिकडं नेपाळ. आपल्या माणसाला तिथं व्हिसा लागत नाही, ओळखीचा कागद दाखवायचा. पण सीमा म्हटलं की आपल्या म्हाताऱ्यांचे पाय लटपटतात. एक मावशी मतदानाचं कार्ड दोन्ही हातांनी धरून उभी, जसा काय तिचा जीवच त्या कार्डात. जवान हिंदीतून दरडावत होता, 'लाइन में रहिए.' माझं कार्ड घेतलं. आडनाव वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्या पोटात गोळा. आडनाव दोनदा वाचलं की पुढं काय होतं ते मला पन्नास वर्षं माहीत आहे. तो थोडा वाकला, इकडं तिकडं बघितलं, आणि अगदी हळू म्हणाला, 'जय भीम, काका. मी भंडाऱ्याचा जी.'

बायांना कळल्यावर काय झालं विचारू नका. कुणी लाडू काढला, कुणी चिवड्याची पिशवी. मावशी त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडायला लागली. तो लाजला, मागं सरकला, पुन्हा मोठ्यानं म्हणाला, 'चलिए, चलिए, आगे बढ़िए.'

बसमध्ये सगळे खूश. मी नव्हतो. देशाच्या सीमेवर हातात बंदूक घेतलेला जवान, आणि जय भीम म्हणताना आवाज चोरतो. त्याचा दोष काढत नाही मी. आजा वेशीवर बसायचा, हा पण वेशीवरच. ह्याला पगार आहे, पेन्शन आहे, गणवेश आहे. फक्त तेवढा एक शब्द दबक्या आवाजात.

ते माझ्या डोक्यात राहिलं, म्हणून २०२४ च्या पावसाळ्यात जे झालं ते मला समजलं. आमच्याच भागातल्या एका पोराला मोटारसायकलवर 'जय भीम' लिहिलंय म्हणून चौकात मारलं. त्याच्या आईला घेऊन मी ठाण्यात गेलो. खुर्ची पुढं आली. मी म्हणालो, 'ताई बसतील.' बाई बसेना. हात धरून बसवली. चहा आला. मी घेतला नाही. फौजदाराचं तोंड बघण्यासारखं झालं.

जबाब लिहायला बसवला तो आपला पोरगा. नाव सांगत नाही. बाबासाहेबांच्या फोटोशिवाय त्याच्या घरात भिंत नाही, हे मला माहीत आहे. लिहून झाल्यावर 'सही करा' म्हणाला. मी म्हणालो, 'वाचून दाखव.' वाचलं त्यानं. मारहाण होती, शिवीगाळ होती. 'जातीवरून' नव्हतं. 'लोकांसमोर' नव्हतं. एवढे दोन शब्द नसले की अॅट्रॉसिटीचं शिवीचं कलम उभंच राहत नाही. मी त्याच्याकडं बघितलं. तो कागदाकडं. हळूच म्हणाला, 'काका, साहेबांनी सांगितलं तसं लिहिलं. माझं नाव घेऊ नका.'

जबाब सहीआधी वाचून दाखवायचा, एफ.आय.आर.ची प्रत लगेच द्यायची, हे २०१६ पासून चौथ्या कलमात कर्तव्य म्हणून लिहूनच टाकलंय. दखलपात्र गुन्हा कळला की नोंदवलाच पाहिजे, हे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. हे मी तिथं उभ्यानं बोललो. फौजदार म्हणाला, 'आता एकशे चोपन्न नाही काका, नवा कायदा आलाय.' म्हटलं, 'एकशे त्र्याहत्तर. नंबर बदलला, तुमचं टेबल तेच आहे.' आणि ह्या चौथ्या कलमातली मेख बघा. ते अनुसूचित जातीच्या नोकराला लागूच होत नाही. म्हणून असले जबाब लिहायला आपल्याच पोराला बसवतात की काय, कोण जाणे. बाकीच्यांना लावायचं तरी आधी खात्याची चौकशी हवी.

संध्याकाळी सात ते रात्री साडेबारा. साडेपाच तास आम्ही हललो नाही. बाई खुर्चीत. मग दोन शब्द लिहिले गेले. आपल्याच पोरानं लिहिले, आणि प्रत देताना त्याचा हात थरथरत होता. त्याला शिव्या देऊ नका. त्याच्यावर घर आहे, कर्ज आहे, बदली आहे. पण 'ठाण्यात आपला माणूस आहे' म्हणून निवांतही बसू नका. जबाब शब्द न् शब्द वाचून घ्या, मगच सही.

त्या रात्री घरी येऊन मला झोप लागली नाही. आनंद झाला असं तुम्हाला वाटेल. साडेपाच तास तेव्हाही होते माझ्याजवळ. १९९१ ला मी दहा मिनिटांत उठलो होतो.

मग आक्काला शोधत निघालो. ऊसतोडीच्या मुकादमांना विचारत, दोन जिल्हे पालथे घालत, शेवटी पुण्याकडं एका वस्तीत तिची मुलगी सापडली. आक्का जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी घरकाम करते, तिची पोरगी कॉलेजात आहे. मी कोण, कुठल्या गावचा, ते सांगायला लागलो. तिनं मला थांबवलं.

'वळखलं,' ती म्हणाली. 'आई तुमचं नाव कधी घेत नव्हती. चहा पेलेला म्हणायची.'

मग ती आत गेली आणि पाणी घेऊन आली. चहाचं विचारलं नाही.