टोकाचे दहा ग्रॅम

चाकण-भोसरीच्या कुठल्याही शॉपमध्ये ड्रॉइंगवर टॉलरन्स नसेल आणि सोबत मटेरियल सर्टिफिकेट नसेल तर माल गेटवरून परत जातो. तीच माणसं गुरुवारच्या सुट्टीत रॉडच्या दुकानात शिरतात आणि ब्लँकवर सोनेरी अक्षरांत ‘हाय कार्बन, अल्ट्रा सेन्सिटिव्ह’ एवढं वाचून चार हजार मोजून बाहेर पडतात. कार्बन कुठला, वजन किती, ते वजन रॉडच्या कुठल्या भागात आहे, हे कुठे छापलेलं नसतं आणि कोणी विचारतही नाही. पावसाळा ओसरून पाणी निवळायला लागलं की खरेदी सुरू होते. त्याआधीच हे लिहिलेलं बरं.

वाचकांचा नेहमीचा प्रश्न असा असतो: सहा हजारांत महासीरसाठी हलका, सेन्सिटिव्ह रॉड कोणता? या प्रश्नात दोन वेगळ्या मागण्या एकत्र आलेल्या असतात. दिवसभर ल्यूअर फेकून मनगट भरून येऊ नये, ही एक. आणि ‘लाइट’ किंवा ‘मीडियम लाइट’ छापलेला लवचीक रॉड हवा, ही दुसरी. पहिली मागणी रास्त आहे. दुसरी आम्हाला मान्य नाही. रॉड वजनाने हलका असावा, ताकदीने नाही.

याचं कारण मासा. आपल्या पाण्यातला निळ्या परांचा महासीर, टॉर खुद्री, कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये शास्त्रापुढे आणला तो पुण्याच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यावरून. तो विरळ होत चालला, तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात त्याचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं आणि तिथली पिल्लं देशभरच्या पाण्यांत गेली. कावेरीत या परक्या खुद्रीचा तिथल्याच कुबड्या महासीरवर काय परिणाम झाला, तो वाद वेगळा आणि कडू आहे. इथे मुद्दा एवढाच, की आपण तो सोडण्यासाठी पकडतो. कावेरीवरच निळ्या परांच्या महासीरवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गळावरची झुंज जितकी लांबली तितका मासा अधिक थकलेला दिसला. कोमट पाण्यात प्राणवायू मुळात कमी. तिथे बांबूच्या डहाळीसारखा वाकणारा रॉड घेऊन अर्धा तास मजा करायची आणि मग ‘सोडला’ म्हणून फोटो टाकायचा, याला आम्ही कौशल्य म्हणत नाही.

व्हिडिओंमुळे दुसऱ्या टोकाचा गोंधळही झाला आहे. उत्तर अमेरिकेत मस्की नावाचा, पाईकच्या कुळातला मोठा शिकारी मासा आहे. तिकडचे लोक त्याला दहा हजार फेकांचा मासा म्हणतात. दिवसभर फेकत राहायचं आणि मासा क्वचित यायचा, म्हणून हलक्या रॉडची चर्चा तिकडे सतत चालते. पण त्यांचे ल्यूअर बरेचदा शंभर ग्रॅमच्या घरात असतात आणि रॉड आठ-नऊ फुटांचे. आपण पवना किंवा भीमेच्या खोऱ्यात फेकतो ते दहा ते तीस ग्रॅम. त्यांच्यासाठी जो रॉड हलका, तो आपल्या हातात कुदळ ठरतो. महासीरला सात ते साडेसात फूट, मीडियम हेवी, साधारण पंधरा ते चाळीस ग्रॅम फेकणारा रॉड आणि तीन-चार हजार नंबरचं स्पिनिंग रीळ पुरतं. पाणवनस्पतीत बसलेल्या मरळीसाठी याहून ताठ रॉड आणि जाड लाइन लागेल. एकाच रॉडमध्ये दोन्ही बसवू नका.

आता वजनाचं. काचतंतूचा ताठपणा सुमारे ७२ गिगापास्कल, साध्या कार्बन तंतूचा सुमारे २३०. घनतेत मात्र कार्बन काचेच्या सत्तर टक्केच. म्हणजे तोच ताठपणा कमी मालात मिळतो. हा साधा कार्बन म्हणजे बाजारातला ‘चोवीस टन’. पुढे तीस, चाळीस टन असे आकडे येतात, किंमत चढते आणि एक गोष्ट घटते: तंतू जितका ताठ तितका तो तुटण्याआधी कमी ताणतो. दगडावर आपटलेला, चरा पडलेला महागडा ब्लँक पुढच्या झटक्याला काडकन जातो. शिवाय चाळीस टन छापलेलं असलं तरी तो बहुतेकदा एखादाच थर असतो. आयएम-६, आयएम-८ ही तर एका अमेरिकी उत्पादकाच्या तंतूंची व्यापारी नावं, मोजमापाचं मानक नव्हे. बजेट तोकडं असेल तर चोवीस-तीस टनांत थांबा.

राहिलेले पैसे टोकाला लावा. मुठीपासून २१० सेंटिमीटरवर टोकाचे दहा ग्रॅम आणि मुठीपासून १० सेंटिमीटरवर २१० ग्रॅम यांचा मोमेंट एकच येतो. झुलवताना तर अंतराचा वर्ग लागतो. मग टोकाच्या त्याच दहा ग्रॅमसाठी मुठीजवळ चार किलोंहून जास्त वजन मोजावं लागेल. म्हणून ‘एकूण वजन १४० ग्रॅम’ या आकड्यावर भुलू नका. स्वस्त रॉडचा ब्लँक बरेचदा ठीक असतो, पण वरच्या अंगाला जाड स्टीलच्या दोन पायांच्या गाइड आणि त्यावर थापलेलं इपॉक्सी असतं. टिप आणि वरच्या तीन-चार गाइड काढून एकपायी, लहान रिंगच्या बसवल्या तर तोच रॉड हातात जिवंत होतो. ब्लँक सावकाश फिरवणारी एक छोटी गिअर मोटर, दोरा आणि दोन भागांचं इपॉक्सी एवढ्यावर भागतं. आपल्या पट्ट्यात हे करू शकणारे हात कमी नाहीत.

दुसरा खर्च लाइनवर. नायलॉन तुटण्याआधी वीस टक्क्यांहून जास्त ताणते, पीईची वीण चार-पाच टक्के. तीस मीटरवरची टोचणी रबरातून येऊ द्यायची की नाही, एवढाच प्रश्न. सहा हजारांचे आम्ही असे भाग करू: रॉडला अडीच, रिळाला दोन, पीई आणि लीडरला एक, उरलेले गाइडला. पाच हजारांचा रॉड आणि त्यावर शंभराची नायलॉन, हा सौदा सगळ्यात वाईट.

दुकानात जाताना स्वतःचं रीळ न्या. ते बसवून रॉड एका बोटावर तोला. तोल रिळाच्या थोडा पुढे आला तर ठीक, हातभर पुढे गेला तर संध्याकाळपर्यंत मनगट बोलेल. टोक हलवून सोडा आणि थरथर किती लवकर थांबते ते बघा. प्रत्येक रिंगमधून कान साफ करायची कापसाची काडी फिरवा. कापूस अडकला तर तडा आहे आणि तो पीई कापणार. जोडावर खुळखुळ नको. एक लिटरची पाण्याची बाटली बांधून जमिनीवरून सावकाश उचला, रॉड पंचेचाळीस अंशांच्या वर न नेता. दुकानदार हरकत घेईल. घेऊ द्या.

टोकं पाण्यावर मोडतात त्याहून जास्त तळेगाव चौकाच्या गर्दीत दुचाकीवर मोडत असावीत, असा आमचा संशय आहे. सात फुटी दोन तुकड्यांचा रॉड ७५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपात मोठ्या गाइडसकट मावतो, आणि तो पाइप कुठल्याही शेती अवजारांच्या दुकानात मिळतो. कार्बन वीज वाहून नेतो, तेव्हा विजेच्या तारांखाली उभा रॉड धरू नका आणि ढग गडगडले की आवरा. परवानगी असलेल्या पाण्यावरच बसा. देहूच्या डोहात मासे कितीही दिसोत, तिथे गळ नाही.

विक्रेत्यांकडे आमची मागणी साधी आहे: प्रत्येक रॉडला चिठ्ठी लावा, तीवर एकूण वजन, रीळ न लावता तोल कुठे येतो, आणि फेकण्याची क्षमता ग्रॅममध्ये लिहा. ते लिहीपर्यंत वाचकांनी स्वतः मोजावं. रॉड आडवा पकडून टोकाला २०० ग्रॅमचं शिसं टांगा, टोक किती सेंटिमीटर खाली येतं ते बघा. वजन, तोलबिंदू, हा झुकाव आणि दिलेली किंमत कळवा. पुढच्या अंकात तक्ता छापू; कंपनीचं नाव लिहायला विसरू नका.