वह्या नकोत, चौकशी करा

होळी जवळ आली की आमच्या काठीची आठवण सगळ्यांना होते. एरवी वर्षभर "मोलगीच्या पुढे कुठेसं ना?" म्हणणारी नातेवाईक मंडळीही तेव्हा फोन करतात. यंदा फोनच्या आधी एक पत्रक आलं. पाठवणारा माझा भाचा, राहणार तोक्यो. जपानशी नातं असलेल्या मराठी लोकांसाठी कुणी हौसेने काढलेलं. बातम्या वाचायला बऱ्या वाटल्या. पाडव्याचं जेवण, पुण्यात जपानी शिकणाऱ्यांचा मेळावा, कुणाची बदली, कुणाचं बाळ. आणि खाली चौकटीत 'सेवेची संधी'. सुट्टीत भारतात येणाऱ्यांनी सातपुड्यातल्या आदिवासी मुलांसाठी एक दिवस द्यावा. वह्या, रंगपेट्या, वापरलेले पण स्वच्छ कपडे आणावेत. होळी पाहण्याची सोय होईल.

माझं म्हणणं आधी सांगून टाकतो, मग खुशाल रागवा. ही सेवा नव्हे, सहल आहे. सहलीला माझी ना नाही, होळी जरूर बघा. (फक्त घेराच्या आत कॅमेरा घेऊन शिरू नका. बुध्या झालेला माणूस कित्येक दिवस कडक व्रत पाळून तिथे आलेला असतो, तुमच्या फोटोसाठी नाही.) पण तिला सेवा म्हणू नका. कारण जपानमधल्या माणसांनी या डोंगराची खरी सेवा एकदा केलेली आहे, आणि तिच्यात एकही वही वाटली गेली नव्हती.

ही गोष्ट आमच्याच घरातल्या तरुणांना माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९८५ साली सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलर कबूल केले, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच साली जपान सरकारच्या परदेशी कर्ज देणाऱ्या निधीनेही २८५ कोटी येन कबूल केले होते. कशासाठी? धरणाच्या वीजघरातल्या टर्बाइनसाठी. ती टर्बाइनं घ्यायची होती जपानी कंपन्यांकडूनच. म्हणजे पैसा तोक्योतून निघून तोक्योतच परत, आणि वाटेत बुडणार कोण, तर मणिबेली, चिमलखेडी, धनखेडी. महाराष्ट्रातली ३३ गावं. काठी उंचावर, आम्ही बुडालो नाही. पण ही गावं आमच्या अक्कलकुवा आणि शेजारच्या अक्राणी तालुक्यातली. तिथे आमच्या गावच्या मुली दिलेल्या, तिथली मुलं माझ्या वर्गात बसलेली. तेव्हा नंदुरबार जिल्हासुद्धा नव्हता, आम्ही धुळ्यात होतो.

आता जपानची बाजू बघा. त्या काळात जपान सरकार परदेशाला जे कर्ज द्यायचं, त्यातला मोठा भाग तिथल्या पोस्टातल्या बचतीतून उभा राहायचा. तिथल्या एखाद्या आजीने पोस्टात टाकलेले पैसे सरकारी तिजोरीतून फिरत फिरत नर्मदेत येत होते. आजीला पत्ता नाही, मणिबेलीलाही नाही.

पत्ता लावला तो तिथल्या काही सामान्य नागरिकांनी. 'फ्रेंड्स ऑफ द अर्थ'च्या जपानी शाखेने एप्रिल १९९० मध्ये तोक्योत नर्मदेवर परिषद भरवली, खोऱ्यातल्या कार्यकर्त्यांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकवलं. तिथल्या खासदारांपर्यंत, वर्तमानपत्रांपर्यंत विषय गेला. आणि काही आठवड्यांतच जपान सरकारने धरणाला यापुढे पैसे देणार नाही असं सांगितलं. जागतिक बँकेने मोर्स समिती नेमली ती नंतर, १९९१ मध्ये. तिचा अहवाल १९९२ चा. बँकेचं उरलेलं कर्ज भारताने सोडलं मार्च १९९३ मध्ये. म्हणजे पहिली वीट तोक्योत निखळली. ती निखळवणाऱ्या बहुतेकांनी सातपुडा डोळ्यांनी पाहिलाही नसेल. त्यांनी फक्त आपल्याच सरकारला विचारलं, आमचे पैसे कुठे चाललेत आणि तिथे कुणाचं काय होतंय?

हे ऐकवलं तेव्हा भाचा म्हणाला, "पण मामा, धरण तर झालंच ना?"

झालं. टर्बाइनंही बसली. १३८.६८ मीटरचं धरण २०१७ मध्ये देशाला अर्पण झालं आणि २०१९ च्या पावसाळ्यात काठोकाठ भरलं. मला ते कुणी सांगायला नको. पण मग वह्यांनी काय झालं असतं? त्या प्रश्नांमुळे निदान एवढं घडलं की परक्याच्या पैशाने उठवलेल्या माणसाला पैसे देणाऱ्याच्या दारात उभं राहता यावं, अशी दारं निघाली. जागतिक बँकेने १९९३ मध्ये तक्रारी तपासणारं स्वतंत्र मंडळ नेमलं, त्यामागे नर्मदा होती. जपानचा तो जुना निधी १९९९ मध्ये एका बँकेत विलीन झाला आणि २००८ मध्ये त्याचं काम जायका या संस्थेकडे आलं. जायकाचेही आज लेखी नियम आहेत. तिच्या पैशाच्या प्रकल्पामुळे नुकसान झालेले दोन रहिवासी एकत्र आले तरी आक्षेप नोंदवू शकतात.

हे दार आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आणि ते ठोठवायला शिकवणारा, जपानी आणि मराठी दोन्ही येणारा माणूस तलासरीला कुठून मिळणार?

तलासरी मध्येच कुठून आली म्हणाल. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन. ५०८ किलोमीटर. मूळ खर्चाच्या ८१ टक्के जपानचं कर्ज, व्याज ०.१ टक्का, फेड ५० वर्षांत. मार्ग जातो पालघरच्या तलासरी, डहाणू भागातून, म्हणजे पुन्हा आदिवासींच्याच जमिनीतून. तिथल्या अनेक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. गुजरातच्या शेतकऱ्यांनी २०१८ मध्ये थेट जायकाला पत्रं लिहिली आणि त्याच वर्षी डिसेंबरात जायकाची माणसं त्यांना भेटायला आली. बघा, विचारलं की यावं लागतं! जानेवारी २०२४ मध्ये सगळी जमीन घेऊन झाल्याचं सरकारने जाहीर केलं. गाडी हवी की नको हा वाद आज मी घालत नाही. पण पुनर्वसनाच्या आराखड्यात काय लिहिलं होतं आणि त्या घरांच्या पदरात काय पडलं, हे ताडून बघायला कुणाची हरकत असावी?

"आम्ही तिथे पाहुणे, राजकारणात कसे पडणार?" हा दुसरा आक्षेप. मान्य, व्हिसावर असलेल्याने जपून राहावं. पण सगळेच पाहुणे नाहीत. २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस तोक्योतल्या एदोगावा वॉर्डच्या सभेवर निवडून आला. कित्येकांनी तिथे घरं घेतलीत, कर भरतात. कर भरणाऱ्याने हिशेब विचारला तर ते राजकारण, आणि फाटक्या मुलाच्या हातात रंगपेटी देतानाचा फोटो काढला तर सेवा? ही वाटणी कुणी केली?

आणि त्या मुलांबद्दल. मी या डोंगरात आयुष्यभर शिकवलं. वही नाही म्हणून शाळा सोडलेलं मूल मला आठवत नाही. आईबाप ऊसतोडीला गेले म्हणून, मास्तरला पोरांची बोली येत नाही म्हणून, पावसाळ्यात वाट बंद म्हणून सुटलेली पुष्कळ. नर्मदेकाठी आंदोलनातल्या लोकांनी चिमलखेडी, निमगव्हाणला जीवनशाळा काढल्या, तिथे शिकवणारे पुष्कळसे त्याच पाड्यांवरचे. बाहेरून येऊन एका दिवसात त्यांना काय देणार आहात?

तेव्हा भाच्याला मी लिहिलंय ते असं. पुढच्या पत्रकातली चौकट बदला. जायकाच्या आक्षेपाच्या नियमांचं सोप्या मराठीत भाषांतर करणारे दोघं-तिघं हवेत, जपानी वाचता येणारे. कायदा कळणारा एखादा असला तर उत्तमच. मराठी तपासायचं काम माझं, डोळ्यांना अजून तेवढी ताकद आहे. छपाईचा खर्च आपण घरातली मंडळी वाटून घेऊ. पालघरला पोचवायला माझे दोन जुने विद्यार्थी तयार आहेत, एक तिकडेच नोकरीला आहे.

त्याचं उत्तर आलं, विचारून सांगतो म्हणून. रंगपेट्यांची ऑर्डर मात्र आधीच गेली आहे म्हणे.