शून्याचे यश

विद्यार्थ्यास शून्य मिळाले की आम्ही पालकांस बोलावतो. संगणकाच्या राज्यात मात्र शून्य हेच बहुधा यशाचे चिन्ह! लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पर्ल भाषेतून बाहेरच्या एखाद्या प्रोग्रॅमला काम सांगितले, की परतताना तो एक अंक ठेवून जातो. शून्य म्हणजे काम झाले, अन्य काही म्हणजे बिघडले. पर्ल मात्र तो अंक आपण होऊन वाचून दाखवीत नाही. न विचारल्यास स्क्रिप्ट पुढे चालूच राहते.

आमच्या शाळेच्या गुणपत्रकांची प्रत रोज रात्री काढणारी स्क्रिप्ट अशीच होती. डिस्क भरली, प्रती निघेनाशा झाल्या, तरी ती ‘काम पूर्ण’ असेच लिहीत राहिली. पुढे मूळ फाइल बिघडली आणि दीड महिन्याचे गुण उत्तरपत्रिकांवरून पुन्हा भरावे लागले.

आता प्रत्येक कामानंतर ‘डॉलर-प्रश्नचिन्ह’ या चलातील अंक आम्ही तपासतो. तो शून्य नसल्यास कोणता प्रोग्रॅम, कोणती फाइल, कोणता अंक हे लिहवून ‘डाय’ या आज्ञेने स्क्रिप्ट तिथेच थांबवितो. अंक उणे एक असेल, तर प्रोग्रॅम सुरूच झाला नाही असे समजावे; एरवी त्यास २५६ने भागले की प्रोग्रॅमचे मूळ उत्तर हाती येते.

चूक झाली तर येऊन सांगा, असे मुलांस आम्ही नित्य बजावतो. स्क्रिप्टला ते शिकवावयाचे राहून गेले होते.